कानाचा उंबरा

चाचांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहरा पाहिलाच नाही, कान पाहिले. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या चष्म्याच्या दुकानाला लागून एक अरुंद जिना होता. वरच्या मजल्यावर त्यांनीच भाड्याने दिलेलं एक छोटं ऑफिस होतं आणि मी तिथे मुलाखतीला आले होते. जिना कुठे आहे हे विचारायला दुकानात डोकावले. त्यांनी मान वर केली, माझ्या डाव्या कानाकडे पाहिलं, मग उजव्या कानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "डावा वर आहे. चष्मा सारखा घसरत असेल. बसा."

मी म्हटलं, "उशीर होतोय, मुलाखत आहे."

"वाकड्या चष्म्याने मुलाखत देणार? बसा."

त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, एक काडी गरम वाळूच्या डब्यात खुपसली, अंगठ्याने किंचित वाकवली आणि परत माझ्या नाकावर ठेवला. शाळेपासून घसरणारा चष्मा त्या दिवशी जागेवर बसला. नोकरीही मिळाली. दोन्हीचं श्रेय चाचा आजतागायत स्वतःकडे घेतात, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही.

मालक, तीन मुलं आणि मी, एवढं आमचं ऑफिस. स्वस्त वस्तू वापरून बघायच्या आणि त्या कशा आहेत ते मराठीत सांगायचं, असा आमचा इंटरनेटवरचा चॅनेल होता. स्वस्त म्हणजे ज्या घेताना माणूस घरात कुणाला विचारत नाही, पण वाया गेल्या तर महिनाभर हळहळतो. घड्याळं, चार्जर, आणि सगळ्यात जास्त बिनवायरचे इअरबड्स. दर आठवड्याला दोन-तीन नवे यायचे आणि सगळे एकमेकांचे मावसभाऊ दिसायचे. चॅनेलचे मालक वयाने तिशीच्या आतले, पण आम्ही त्यांना सर म्हणायचो, कारण त्यांना ते आवडायचं. सरांनी जागा घेतली तेव्हा चाचांनी करारात एक अट लिहून घेतली होती. कानात घालायची कुठलीही वस्तू आधी खाली दाखवायची, मग वर तिच्याबद्दल बोलायचं. सरांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. सही केल्यावर कळलं की चाचा गंमत करत नाहीत.

आवाजाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना उजव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. "आवाजाचं तुम्ही बघा," ते सांगायचे. "मला चालणारा कान एकच. तो गिऱ्हाइकासाठी राखीव आहे." म्हणून ते डबीतून एकच बड उचलायचे, उजव्या कानात घालायचे आणि डाव्या कानाने दुकान चालवायचे. बहिऱ्या कानाने इअरबड तपासणारा असा माणूस दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही. आणि त्याचा निकाल आमच्या तीन धडधाकट पोरांपेक्षा नेहमी बरोबर निघायचा.

याचं कारण त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. तिथे एक लांबट वही होती, तिला ते कानांची वही म्हणत. दुकान त्यांच्या आजोबांनी काढलेलं. पहिल्या काही पानांवर आजोबांचं अक्षर होतं, मग वडिलांचं, मग चाचांचं. चष्म्याची काडी कानामागे कुठे वळवायची यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन्ही कान पेन्सिलीने काढून ठेवलेले. नाव नाही, नुसती ओळख. 'कोपऱ्यावरचे वकील, उजवा दुमडलेला.' 'क्लासवाल्या बाई, लहान, भोक तिरकं.' 'वकिलांचा मुलगा, बापासारखाच.' चाचा ती वही उघडून मला दाखवायचे आणि म्हणायचे, "यात दोन सारखे कान दाखव. एकाच माणसाचे दाखवलेस तरी चालेल." मला सापडले नाहीत.

कानाच्या भोकापुढे जो लहानसा कडक उंचवटा असतो, त्याला शास्त्रात काहीतरी नाव असेल. चाचा त्याला उंबरा म्हणत. त्यांच्या मते इअरबड बनवणाऱ्यांचं सगळं चुकतं ते या उंबऱ्यावर. "घरात शिरायचं तर उंबरा ओलांडून शिरावं. हे त्याच्यावरच पाय देऊन उभे राहतात. मग दुखणार नाही तर काय होणार?"

त्यांची तपासणी बघायला आम्ही कामं टाकून खाली यायचो. बड कानात घालून ते आधी मूठभर फुटाणे खायचे, कारण चावताना कानाचं भोक हलतं आणि सैल बड तिथेच हात टेकतो. मग चष्म्याचा एक बारीक स्क्रू मुद्दाम जमिनीवर टाकायचे आणि ओणवे होऊन शोधायचे. स्क्रू सापडेपर्यंत बड कानात आणि डबी सदऱ्याच्या खिशात राहिली पाहिजे. डबीचं झाकण तर ते पन्नास-साठ वेळा उघडून मिटायचे. "बिजागरी आहे ही. बिजागरीतलं मला शिकवू नका." एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने डबी उघडता आली नाही, तर त्यांच्या लेखी ती डबीच नव्हती. माझ्या वाट्याला स्कार्फ. मी रोज शहराबाहेरच्या मांजरी गावाहून स्कूटरवर यायचे, पुण्यातल्या मुली बांधतात तसा डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ बांधून. मी बड घालून स्कार्फ बांधायचा, हेल्मेट चढवायचं, पेठेतून एक चक्कर मारायची, परत येऊन त्यांच्यासमोर सगळं सोडायचं. बड स्कार्फबरोबर बाहेर आला की चाचा समाधानाने मान हलवायचे. वस्तू नापास करण्यात त्यांना एक वेगळाच आनंद होता, हे कबूल केलं पाहिजे.

निकाल ते दुकानाबाहेरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहायचे. 'काळा गोल बड : फुटाण्याला पडला.' 'लांब दांडीचा पांढरा : स्कार्फमध्ये अडकतो. मुलींनी घेऊ नये. मुलांनी घेऊन मुलींना देऊ नये.' 'निळा : हात लागला की गाणं थांबतं, असं वरची मुलं सांगतात. कान खाजवायची सोय नाही.' लोक दुकानासमोर स्कूटर उभी करून पाटी वाचायचे. मग आमच्या चॅनेलवर चाचांचा निकाल सरांच्या निकालाच्या खाली लहान अक्षरांत यायला लागला. लोक तेवढाच वाचतात हे लक्षात आल्यावर तो मोठ्या अक्षरांत वर आला.

गिऱ्हाइकाशी त्यांचं बोलणं मोजकं. एकदा एक गृहस्थ नवी फ्रेम लावून आरशासमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "चाचा, शोभतो ना मला?" चाचा म्हणाले, "शोभेचं खातं आपल्याकडे नाही. समोरचं दिसतं का, एवढं सांगा." चांगली वस्तू कशी ओळखायची, हे मात्र त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "चष्मा घातलेला असताना माणूस घरभर चष्मा शोधायला लागला, की समजायचं बरोबर बसला. तोंडाने सगळे चांगलाच म्हणतात. त्याला अर्थ नाही." बडलाही हीच कसोटी. पण एकही बड तिथवर पोचला नव्हता. सगळ्यात चांगल्या बडबद्दल ते म्हणाले होते, "सहन होतो."

मी 'हाय', 'न्हाय' म्हणते म्हणून वरची मुलं मला चिडवायची. त्यांचं स्वतःचं मराठी म्हणजे निम्मं इंग्रजी आणि उरलेलं हिंदी. चाचांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "ती बोलते ते मला एका कानाने समजतं. तुमचं दोन्ही कान चालले असते तरी समजलं नसतं." त्यानंतर चिडवणं थांबलं. घरी दखनी बोलणाऱ्या या माणसाने सदाशिव पेठेत माझ्या मराठीची बाजू घेतली, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि अजून वाटतो.

त्यांचीही एकदा चूक झाली. एका बडला त्यांनी 'उंबरा टोचतो, नापास' असं पाटीवर लिहिलं. चार दिवसांनी पाटीसमोर उभा राहून एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "चाचा, माझ्याकडे तोच आहे, मस्त बसतो." चाचांनी त्याच्या कानातला बड नीट पाहिला, आपल्या डबीतला पाहिला, भिंग लावून पुन्हा पाहिला. त्यांनी डावीकडचा बड उजव्या कानात घातला होता. त्यावरचं अक्षर इतकं बारीक होतं की चष्मेवाल्यालाही दिसलं नव्हतं. मुलगा हसायला लागला. चाचा हसले नाहीत. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं : 'मागचा निकाल रद्द. बड निर्दोष, म्हातारा दोषी.' ती पाटी पुढचे चार दिवस तशीच ठेवली. जितके दिवस चुकीचं होतं, तितके दिवस बरोबर राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही वर जाऊन खूप हसलो. ती पाटी मला पुढे केवढ्याला पडणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

झालं असं की एका नव्या कंपनीचा बड आला. कंपनी चॅनेलला वर्षभर जाहिराती देणार होती, मात्र व्हिडिओ त्याच आठवड्यात हवा होता. त्या आठवड्यात चाचा भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेलेले. सर म्हणाले, "यावेळी खाली नको दाखवायला. आणि कॅमेऱ्यासमोर तू बस." मी तोवर कधी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. बड घालून बघितला. अर्ध्या तासात कान ठणकायला लागला. तिन्ही मुलं म्हणाली, एकदम कम्फर्टेबल. सर म्हणाले, "तुझे कान लहान आहेत. तो तुझा प्रॉब्लेम." मलाही ते पटलं. लहानपणापासून मला काही टोचलं, रुतलं की चूक माझ्याच अंगाची असते असं मी धरून चालले होते. कॅमेरा सुरू झाल्यावर मी हसून म्हणाले, "दिवसभर घाला, कळणारसुद्धा नाही." मांजरीत माझ्या वडिलांनी तो व्हिडिओ चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला. "आमची पोरगी हाय ती," म्हणाले. एवढं ते माझ्या पदवीच्या वेळीही बोलले नव्हते.

चाचा परत आले. मी स्कूटर लावत होते. त्यांनी स्कार्फ सुटेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "उंबरा सुजलाय. किती वेळ घातला होतास?"

"अर्धा तास."

"आणि सांगितलंस काय?"

मी स्कार्फची घडी घालत राहिले. त्यांनी व्हिडिओ पाहिलेला होता. ते आत जाऊन काच पुसायला लागले. ते दोन शब्द टाकून बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात वारज्याहून एक शिक्षिका चष्मा घट्ट करून घ्यायला आल्या. दिवसभर घरून ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या. मी जिन्यावर होते, म्हणून मला ऐकू आलं. कानात कापूस होता. त्या तक्रारही करत नव्हत्या. "तुमच्या वरच्या मुलीने सांगितलं म्हणून घेतला हो. म्हटलं, चाचांच्या हाताखालून गेलेला असणार. माझेच कान वाईट, दुसरं काय. जातात ना सगळे तुमच्याकडून?"

मला वाटलं, आता चाचा सांगतील की मी सोलापूरला होतो. चाचा म्हणाले, "हो, जातात. आमची चूक झाली, बाई. कान तुमचा चांगला आहे." आणि त्यांनी खणातून वही काढून त्यांना त्यांच्याच कानाचं चित्र दाखवलं.

मी खाली जाऊन रडले. हे लपवण्यासारखं काही नाही. म्हटलं, "चाचा, तुम्ही का स्वतःवर घेतलंत?"

"पाटी माझी आहे म्हणून," ते म्हणाले. "आणि तू खोटं बोललीस याचं मला तितकं वाटत नाही. लोक बोलतात. तू स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाहीस बेटा, त्याचं वाटतं. तीन पोरांचे कान मोठे म्हणून तुझा चुकला?"

मी म्हटलं, मी दुसरा व्हिडिओ करते, चूक झाली म्हणून सांगते. पण सर करू देणार नाहीत, तुम्ही त्यांना करार दाखवा. चाचांनी मान हलवली. "मी भाडेकरू काढू शकतो, व्हिडिओ नाही काढू शकत. ते तुझं तू बघ."

सरांनी स्पष्ट सांगितलं की असा व्हिडिओ गेला तर कंपनी जाईल आणि कंपनी गेली तर मीही जाईन. दोन दिवस मी नुसती येऊन बसत होते. नोकरी गेली असती तर मला परत मांजरीत घरी बसावं लागलं असतं, आणि टपरीवर मान ताठ करून बसलेल्या वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न त्याहून मोठा होता. तिसऱ्या दिवशी मी वडिलांनाच विचारलं. ते म्हणाले, "दुखत हुतं तर दुखतंय म्हणायचं. त्यात काय एवढं?" मग मी सरांच्या समोर कॅमेरा लावला. स्कार्फ मागे सारला, कान कॅमेऱ्याजवळ नेला आणि म्हणाले, "मी म्हणाले होते दिवसभर घाला. मी स्वतः अर्ध्या तासाच्या वर घालू शकले नव्हते. बडही चुकलाय आणि मीही." सरांनी कॅमेरा बंद केला नाही. का नाही केला, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

कंपनी गेली. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. पण त्या व्हिडिओखाली पत्रं यावीत तसे बायकांचे निरोप यायला लागले. नर्स, कॉल सेंटरमधल्या मुली, अभ्यासाला खोली घेऊन राहणाऱ्या मुली. सगळ्यांचं म्हणणं एकच : मला वाटायचं माझेच कान वाईट आहेत. सर ते एकेक मोठ्याने वाचायचे. त्यानंतर आमच्याकडे नुसत्या तीन पोरांच्या कानांवर कुठला बड पास झाला नाही.

तो व्हिडिओ गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी खाली पाटीवर लिहिलेलं होतं : 'बड दोषी. मुलगीही दोषी होती. आता नाही.' जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यातलं काही कळलं नसेल. मी मात्र स्कूटर लावून पाच मिनिटं पाटीसमोर उभी होते.

पुढे त्याच व्हिडिओमुळे मला शहराच्या कडेला असलेल्या एका लहान कंपनीने बोलावलं. ते स्वस्त इअरबड बनवतात आणि त्यांना कोणीतरी लहान कानांचं माणूस हवं होतं. आता मी तिथे बड कानात कसा बसेल, एवढंच बघते. रुजू व्हायच्या आधी चाचांना सांगायला गेले. त्यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. खण उघडून कानांची वही काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्यासमोर ठेवली.

"परत आणून दे," म्हणाले. "कान पेठेचे आहेत."

त्या वहीवरून आम्ही वर्षभर काम केलं. दांडी आखूड केली, कानाच्या भोकात जाणारं रबरी बोळं सगळ्यात लहान मापाचं केलं, आणि जिथे सगळे बड उंबऱ्यावर टेकतात तिथे आमचा आत वळवला. ऑफिसात इंजिनिअर माझ्याशी वाद घालायचे, तेव्हा मी वही उघडून म्हणायचे, यात दोन सारखे कान दाखवा. सगळ्या चाचण्या झाल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं, कारण त्या बडने अजून फुटाणे खाल्ले नव्हते.

एक डबी घेऊन मी सदाशिव पेठेत गेले. वही परत केली, डबी पुढे ठेवली. चाचांनी भिंग काढून आधी अक्षर तपासलं. आम्ही ते मोठं करून घेतलं होतं. उजवा बड उजव्या कानात घातला. फुटाणे खाल्ले. स्क्रू टाकला, ओणवे झाले, शोधला. एका हाताने डबी उघडली, मिटली, उघडली, मिटली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यावर काहीच दिसत नव्हतं. शेवटी म्हणाले, "ठेवून जा."

आठ दिवस फोन नाही. पाटीचा फोटो पाठवायला वरच्या मुलांना सांगितलं, तर पाटी कोरी. नापास असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी आनंदाने लिहिलं असतं. पास म्हणायचा त्यांना सराव नव्हता. नवव्या दिवशी मला राहवेना, दुपारची सुटी टाकून गेले.

चाचा टेबलाखाली ओणवे होते. आधी वाटलं, स्क्रू शोधतायत. मग ते उठले, वाळूचा डबा उचलून खाली पाहिलं, वही झटकली, सदऱ्याचे खिसे चाचपले. मला पाहून त्यांना काही आनंद झाला नाही.

"बेटा, तुझी ती डबी," ते वैतागून म्हणाले. "त्यात डावा आहे, उजवा नाही. सकाळपासून शोधतोय. इतकी लहान वस्तू बनवायचीच कशाला म्हणतो मी?"

उजवा बड त्यांच्या उजव्या कानात होता. उंबरा ओलांडून आत, नीट, सकाळपासून.

मी लगेच सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि त्यांना अजून थोडा वेळ शोधू दिलं.